पुरावा कोणत्या बाळंतिणीचा?



बाळंतपणाबद्दल सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. सासू सांगते, शेजारीण सांगते, डॉक्टर सांगतात, औषधकंपनीचा प्रतिनिधी सांगतो. आता मोबाइलही सांगतो. आणि हल्ली हे सांगणं पुष्कळदा एकाच वाक्यावर येऊन थांबतं : ‘हे संशोधनाने सिद्ध झालं आहे.’ हे वाक्य कानावर आल्यावर लेबर रूममधल्या सिस्टरने काय करायचं? मान डोलवायची? कानाआड करायचं? की थांबून काही विचारायचं? आजचं व्याख्यान या तिसऱ्या वाटेबद्दल आहे.

हा विषय प्राध्यापकांचा, संशोधकांचा, आपला नव्हे, असं इथल्या काही जणींना वाटत असेल. पण कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी सर्वांत जास्त वेळ कोण असतं? तिला फिरू द्यायचं की झोपवून ठेवायचं, योनिमुखाला छेद घ्यायचा की वाट पाहायची, नाळ आत्ता कापायची की दोन मिनिटांनी, हे रात्री अडीच वाजता कोण ठरवतं? यातला प्रत्येक निर्णय कुठल्या ना कुठल्या समजुतीवर उभा असतो. ती समजूत कुठून आली, कोणी तपासली, कोणत्या बायकांवर तपासली, हे विचारता येणं प्रसाविकेच्या रोजच्या कामाचा भाग आहे. रक्तदाब घेणं जसं शिकता येतं, तसं हेही शिकता येतं.

न तपासलेली समजूत किती वर्षं टिकते? बाळंतपणाआधी बाईच्या जांघेतले केस काढायचे आणि तिला एनिमा द्यायचा, ही पद्धत विसाव्या शतकात रुग्णालयाची शिस्त म्हणून रुळली. केस काढले की जंतुसंसर्ग टळतो, एनिमा दिला की कळा वेग घेतात, अशी कारणं सांगितली जात. ऐकायला पटणारी होती. १९२२ साली अमेरिकेत जॉन्स्टन आणि सिडॉल यांनी ३८९ स्त्रियांची पाहणी करून केस काढण्याचा फायदा होतो का, हे तपासलं. फायदा दिसला नाही. निष्कर्ष छापून आला, आणि वस्तरा चालूच राहिला. अठ्ठावन्न वर्षांनी, १९८० साली, ब्रिटनमध्ये मोना रॉमनी यांना तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागला. पुढच्या वर्षी त्यांनी गॉर्डन यांच्यासोबत एनिमाही तपासला. एनिमाने बाळंतपण लवकर उरकत नव्हतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचना सांगतात की या दोन्ही गोष्टी सरसकट करू नयेत. १९२२ पासून २०१८ पर्यंत किती कोटी बायकांनी ही लाजिरवाणी तयारी निमूट सोसली असेल!

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७९ साली वैद्यकाच्या सगळ्या शाखा पुराव्याच्या कसोटीवर लावल्या आणि शेवटचा क्रमांक प्रसूतिशास्त्राला दिला. हे बोलणं झोंबलं, पण वायाही गेलं नाही. ऑक्सफर्डमध्ये आयन चाल्मर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपण आणि बाळंतपण यांवर झालेल्या चाचण्या जगभरातून शोधून एकत्र केल्या. त्यातून १९८९ साली दोन जाडजूड खंड निघाले. कॉक्रन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि आपला जुना ठपका मागे घेतला. १९९३ साली त्यांच्याच नावाने जी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिची मुळं अशी बाळंतपणाच्या खोलीत आहेत.

म्हणजे पुरावा पारखण्याची ही शिस्त वैद्यकाच्या बड्या शाखांकडून उसनी आलेली नाही. ती मोठ्या प्रमाणावर आपल्याच क्षेत्रात वाढली आहे. म्हणून तिचे चार प्रश्न आज क्रमाने पाहू. तुलना कोणाशी केली? मोजलं काय, कसं आणि केव्हा? फरक नेमका किती? आणि हे सगळं आपल्या बाळंतिणीला लागू पडतं का?

पहिला प्रश्न, तुलना कोणाशी?

त्यासाठी व्हिएन्नाला जावं लागेल. १८४० च्या दशकात तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी आणि सुईणपण शिकणाऱ्या मुली. येणाऱ्या बायका एक दिवस या विभागात, तर दुसऱ्या दिवशी त्या विभागात दाखल होत. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बाळंतिणी दगावल्या, म्हणजे शंभरात अकरांहून जास्त. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणांत १०५ मृत्यू, म्हणजे शंभरात तीनहून कमी. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने काय केलं? त्याने एकेक कारण घेऊन दोन्ही विभाग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बायकांचा जीव घेणारा बाळंतपणानंतरचा ताप गर्दीमुळे येतो म्हणावं, तर सुईणींच्या विभागात गर्दी जास्त होती. हवा वाईट म्हणावी, तर ती दोन्हीकडे एकच. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात सुरी लागून वारले. त्यांच्या शरीरात सेमेलवाइसला त्याच तापाच्या खुणा दिसल्या. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून थेट बाळंतिणीकडे येत होते. सुईणी शवागारात जात नव्हत्या. मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातला मृत्युदर शेकडा १.२७ वर आला, सुईणींच्या विभागात तो १.३३ होता.

यातली शिकण्याची गोष्ट कोणती? हात धुवा, ही तर आहेच. पण त्याआधीची गोष्ट ही की, दुसरा विभाग शेजारी नसता तर पहिल्यातले मृत्यू ‘असंच असतं’ म्हणून खपून गेले असते. तुलनेमुळे ते दिसले. शिवाय तुलना सरळ होती. गरीब बायका एकीकडे आणि श्रीमंत दुसरीकडे, अशी वाटणी झालेली नव्हती. वाटणी दिवसाने केली होती.

आजच्या चाचण्या हेच काम चिठ्ठ्या टाकून करतात. कोणत्या बाईला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टर ठरवत नाही, सिस्टर ठरवत नाही, बाईही ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते. त्यामुळे दोन्ही गटांत सशक्त आणि अशक्त, पहिलटकरणी आणि अनुभवी बायका साधारण सारख्याच येतात. नंतर जो फरक दिसतो तो उपचारामुळे आहे, असं म्हणायला आधार मिळतो.

‘आमच्याकडे ज्यांना छेद घेतला त्यांना मोठी फाटणी झाली नाही’, हे वाक्य अनेक लेबर रूममध्ये ऐकू येतं. यात तुलना कुठे आहे? ज्यांना छेद घेतला नाही त्यांचं काय झालं? इंग्लंडमध्ये रेडिंगच्या रॉयल बर्कशायर रुग्णालयात जेनिफर स्लीप या मिडवाइफने हाच प्रश्न धरला. १,००० बायकांची चिठ्ठीने वाटणी झाली. एका गटात छेद शक्यतो टाळायचा, दुसऱ्या गटात फाटणी टाळण्यासाठी तो मोकळेपणाने घ्यायचा. पहिल्या गटात छेदाचं प्रमाण शेकडा १० राहिलं, दुसऱ्यात ५१. निष्कर्ष १९८४ साली आला. बाळांच्या प्रकृतीत फरक नव्हता. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी बायकांना विचारलं, तर दुखण्यातही फरक नव्हता. छेद टाळलेल्या गटात जखम अजिबात न झालेल्या बायका जास्त होत्या. तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, लघवीवरचा ताबा कसा आहे? तिथेही फरक नाही. छेद घेतला नाही तर पुढे अंग सैल पडेल, ही भीती खरी ठरली नाही.

तुलना ‘कोणाशी’ हा प्रश्न आणखी एका अंगाने महत्त्वाचा आहे. मिसोप्रोस्टॉलची गोळी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखते का? उत्तर विचाराल तर दोन मिळतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेल्या चाचणीत या गोळीची तुलना औषध नसलेल्या गोळीशी झाली, आणि मिसोप्रोस्टॉल स्पष्टपणे सरस ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांतल्या रुग्णालयांमध्ये तिची तुलना ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनशी केली. २००१ च्या त्या चाचणीत एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण गोळीच्या गटात शेकडा ४ आणि इंजेक्शनच्या गटात ३ होतं. म्हणजे इंजेक्शन सरस. मग खरं कोणतं? दोन्ही खरी. हाताशी थंड ठेवलेलं ऑक्सिटोसिन असेल तर ते द्या; ते नसेल आणि पर्याय शून्य असेल तर ही गोळी जीव वाचवते. ‘औषध चांगलं आहे’ हे वाक्य ‘कशापेक्षा?’ या प्रश्नाशिवाय अपुरं असतं.

दुसरा प्रश्न, मोजलं काय, कसं आणि केव्हा?

बेळगावची ही चाचणी जरा जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ती आपल्या दाराशी झाली आणि ती एएनएम ताईंनी, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकांनी केली. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांसोबत २५ एएनएम होत्या. १,६२० बायकांची बाळंतपणं त्यांनी घरी आणि उपकेंद्रात केली. आता रक्त किती गेलं हे कसं मोजायचं? सवय अशी की, चादरीकडे पाहायचं आणि ‘दोनशे मिली’ असं लिहायचं. त्याऐवजी बाईच्या अंगाखाली मोजपट्टी असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, असं ठरलं. याच पिशवीची नजरेच्या अंदाजाशी तुलना केली तेव्हा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला.

थोडं थांबून याचा अर्थ पाहू. साडेसातशे मिली रक्त गेलं असेल तर अनुभवी डोळाही पाचशे लिहून जातो. रक्तस्रावाची रूढ व्याख्याच पाचशे मिलीपासून सुरू होते. मग नोंदवहीत रक्तस्राव कमी दिसतो, कारण तो दिसलेलाच नसतो. यात कुणाची हयगय नाही. रक्त कापडात मुरतं, पाण्यात मिसळतं, जमिनीवर पसरतं. म्हणून कुठल्याही अभ्यासात रक्तस्रावाचा आकडा दिसला की पहिली चौकशी ही करायची की तो डोळ्याने मोजला की मापाने?

नुसतं कसं मोजलं एवढंच नाही, केव्हा मोजलं हेही पाहावं लागतं. बाळ पायाळू असेल तर आधीच ठरवून सिझेरियन करावं का, यावर २००० साली २६ देशांतल्या २,०८८ स्त्रियांची मोठी चाचणी छापून आली. ठरवून केलेल्या सिझेरियनच्या गटात बाळाच्या मृत्यूचं किंवा गंभीर आजाराचं प्रमाण शेकडा १.६ आणि दुसऱ्या गटात ५ होतं. अनेक देशांत पद्धत लवकरच बदलली. पण यातल्या काही केंद्रांनी मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं. मृत्यू किंवा वाढीतला दोष यांचं प्रमाण तेव्हा ३.१ आणि २.८ होतं, म्हणजे जवळपास सारखंच. मधल्या काळात पायाळू बाळ खालून सोडवण्याचा हात मात्र एका पिढीच्या सरावातून निघून गेला.

आणि काय मोजलं? सोपं ते मोजलं जातं, महत्त्वाचं ते कधी कधी राहून जातं. उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची यादी वापरून पाहिली गेली. साठ केंद्रांत सिस्टरांना यादी आणि सोबत मार्गदर्शक मिळाले; साठ केंद्रांत नेहमीची पद्धत. दीड लाखाहून जास्त बाळंतपणं तपासली. यादी मिळालेल्या केंद्रांत आवश्यक कृती पाळण्याचं प्रमाण दोन महिन्यांनी शेकडा ७३ होतं, इतरत्र ४२. अभ्यास इथेच थांबला असता तर यश म्हणून टाळ्या पडल्या असत्या. पण त्यांनी पुढचं मोजलं. आई किंवा बाळाचा मृत्यू आणि आईची गंभीर गुंतागुंत मिळून प्रमाण होतं १५.१ आणि १५.३. फरक नाही. २०१७ साली हा निकाल जसाच्या तसा छापला गेला. यादी पाळली, तरी रक्त, ऑक्सिजन, सिझेरियनची सोय, वेळेवर गाडी हे सगळं मागे नसेल तर मृत्यू कमी होतीलच असं नाही, हा विचार या ‘नाही’ने करायला लावला. असा ‘नाही’ छापणाऱ्यांचे आपण ऋणी असायला हवं.

तिसरा प्रश्न, फरक किती?

इथे पुन्हा बेळगाव. औषध नसलेल्या गोळीच्या गटात शंभरातल्या १२ बायकांना रक्तस्राव झाला, मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ जणींना. हेच दोन प्रकारे सांगता येतं. ‘रक्तस्राव निम्म्यावर आला’ असं म्हणता येईल. किंवा असंही, की अठरा बायकांना गोळी दिली तर एकीचा रक्तस्राव टळतो. दोन्ही खरं. पण साठा मागवणाऱ्या सिस्टरला यातलं कोणतं कामाचं? अर्थात दुसरं. महिन्याला छत्तीस बाळंतपणं असतील तर दोघींचा रक्तस्राव टळेल, आणि गोळीमुळे काही जणींना थंडी वाजून ताप येईल, हे तिला आधी कळतं.

मोठा रक्तस्राव, म्हणजे एक लिटरच्या वरचा, शंभरात १.२ वरून ०.२ वर आला. टक्केवारीत सांगायचं तर ऐंशी टक्क्यांहून जास्त घट! प्रत्यक्षात शंभरातली एक बाई. ही एक बाई लहान गोष्ट नाही. ज्या खेड्यातून रक्तपेढी दोन तासांवर आहे तिथे ती एक बाई म्हणजे एक घर. पण ‘ऐंशी टक्के’ ऐकून डोळे दिपू नयेत आणि ‘शंभरात एक’ ऐकून हात झटकू नयेत, यासाठी दोन्ही आकडे शेजारी मांडावे लागतात. औषधकंपनीची पत्रिका बहुधा एकच आकडा छापते. दुसरा आपण विचारायचा.

फरकासोबत त्याची खात्री किती, हेही पाहायचं. कॉक्रन संस्थेचं बोधचिन्ह पाहा. त्यात काही आडव्या रेषा आहेत, मधून एक उभी रेघ जाते आणि खाली एक शंकरपाळ्याच्या आकाराची खूण. प्रत्येक आडवी रेषा म्हणजे एक चाचणी. आई वेळेआधी बाळंत होणार असेल तर तिला स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळ वाचतं का, हे तपासणारी. उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’. आडवी रेषा लांब असेल तर खात्री कमी, आखूड असेल तर जास्त. रेषेने उभी रेघ ओलांडली तर ती एकटी चाचणी काही ठाम सांगत नाही. पण सगळ्या एकत्र केल्या की खालची खूण स्पष्टपणे एका बाजूला पडते : बाळं वाचतात. पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स आणि हॉवी यांनी केली, ती १९७२ साली छापून आली. सगळ्यांची बेरीज नीट मांडली गेली ती १९९० च्या सुमारास. मधल्या वर्षांत उत्तर जगासमोर सुटं सुटं पडून होतं, आणि बाळं जात होती.

चौथा प्रश्न, आपल्या बाळंतिणीला हे लागू पडतं का? चारही प्रश्नांत हा सर्वांत अवघड.

तेच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ. श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत त्याचा फायदा सिद्ध झालेला. मग गरीब देशांतल्या खेड्यापाड्यांत ते पोहोचवलं तर? हेतू चांगला, औषध स्वस्त. सहा देशांत मोठी चाचणी झाली. त्यात भारतातून बेळगाव आणि नागपूरचे भाग होते. सुमारे एक लाख बाळंतपणं. निकाल २०१५ साली आला. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. आणि सगळी बाळं मिळून पाहिली तर योजना राबवलेल्या भागात हजारामागे २७.४ नवजात दगावली, इतर भागांत २३.९. आईला संसर्ग झाल्याचा संशयही जास्त.

औषध तेच होतं. मग काय बदललं? खेड्यात दिवस किती भरले हे नेमकं ठाऊक नसायचं, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बऱ्याच बाळांच्या आयांनाही इंजेक्शन मिळालं. जन्मल्यावर बाळाला ऊब, ऑक्सिजन, काळजी देणारी सोय अनेक ठिकाणी नव्हती. आईचा संसर्ग ओळखणं कठीण होतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत हेच पुन्हा तपासलं. या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजले, संसर्गावर नजर ठेवली आणि बाळाच्या काळजीची सोय असलेलीच रुग्णालयं निवडली. २०२० साली निकाल आला. नवजात मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर. म्हणजे साधारण पंचवीस मातांना इंजेक्शन दिलं तर एक बाळ जास्त वाचतं. एकाच औषधाने एका परिस्थितीत बाळं वाचली आणि दुसऱ्या परिस्थितीत अपाय झाल्याची चिन्हं दिसली. पुरावा कोणत्या बाळंतिणीचा, हा प्रश्न इथे जीवनमरणाचा होतो.

आपल्या परंपरेबद्दलही हेच. जुनं आहे म्हणून वाईट नाही, जुनं आहे म्हणून चांगलंही नाही. पहिला चीक फेकून देणं, नाळेवर शेण लावणं, यांनी बाळं गेली. ते थांबायलाच हवं होतं. पण वार पडेपर्यंत नाळ न कापणाऱ्या दाया अनेक ठिकाणी होत्या, आणि नाळ निदान एक मिनिट थांबून कापावी, त्याने बाळाच्या अंगात रक्त जास्त राहतं, असं आजचा पुरावा सांगतो. बाळंतिणीजवळ एक जाणती बाई शेवटपर्यंत बसून राहायची. १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि १५ हजारांहून जास्त स्त्रिया यांची बेरीज सांगते की सतत कुणी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात आणि बाळंतपणाचा अनुभव बाईला कमी त्रासाचा वाटतो. रुग्णालयाच्या शिस्तीने जिला दाराबाहेर उभं केलं होतं, तिला आत घ्यायला आता चाचण्यांनीच सांगितलं.

हे सगळं शिकायचं कुठे आणि कोणी?

हे फक्त डॉक्टरांचं काम आहे, असं इतिहास सांगत नाही. जेनिफर स्लीप मिडवाइफ होत्या. ब्रिस्टलच्या १९८८ च्या चाचणीने सांगितलं की वार पडण्याच्या वेळी औषध देऊन मदत केली तर रक्तस्राव शेकडा ५.९ आणि निसर्गावर सोडलं तर १७.९. यावर मिडवाइफनी नेमका प्रश्न विचारला. तिथल्या सिस्टरांना औषधाचीच सवय होती. वाट पाहण्याची पद्धत त्यांना नीट येत होती का? मग हिंचिंगब्रुक रुग्णालयात जेन रॉजर्स यांच्या पुढाकाराने, दोन्ही पद्धती येणाऱ्या मिडवाइफकडून, १,५१२ स्त्रियांची चाचणी पुन्हा झाली. १९९८ चा निकाल : ६.८ आणि १६.५. पहिलं उत्तर टिकलं. प्रश्न विचारणाऱ्यांचा अंदाज खरा ठरला नाही, पण प्रश्न योग्य होता, आणि त्यामुळेच आज आपण जास्त खात्रीने ऑक्सिटोसिन देतो.

आणि गडचिरोली? अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला, शेजारच्या ४७ गावांशी तुलना ठेवून. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ साली ते छापून आलं आणि पुढे आशाताईंच्या घरभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत पोहोचलं. त्यातली गावांची निवड चिठ्ठीने झालेली नव्हती, हे पहिला प्रश्न शिकलेल्या कुणालाही आता सांगता येईल. पण सुरुवातीला दोन्हीकडचे दर जवळपास सारखे होते, तुलनेच्या गावांत दर उतरला नाही, हेही सांगता येईल. बाळाचा श्वास मोजणं, वजन घेणं आणि त्याच्या नोंदी ठेवणं गावातल्या थोडं शिकलेल्या बायकांनी केलं. मोजणं आणि लिहिणं हे पदवीचं काम नाही, याचा आपल्या मातीतला इतका सबळ दाखला दुसरा शोधावा लागणार नाही.

भारत सरकारने २०१८ साली मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अठरा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका नैसर्गिक बाळंतपणांची जबाबदारी स्वतः घेतील, अशी ती कल्पना आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात शंभरातली एकवीसहून जास्त आणि महाराष्ट्रात पंचवीसहून जास्त बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. हे चित्र बदलण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्या अभ्यासक्रमात पुरावा पारखणं हा परीक्षेपुरता धडा असून चालणार नाही. जबाबदारी स्वतःची असेल तर पारखही स्वतःची हवी.

आता चारही प्रश्न एकदा लावून पाहू. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांचा, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांचा अभ्यास छापून आला. मापाची पिशवी लावून रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि ओळखताच सगळे उपचार एकत्र सुरू करायचे, हा त्यातला उपाय.

तुलना कोणाशी? नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांशी, आणि कोणत्या रुग्णालयात काय करायचं हे चिठ्ठीने ठरलं. पहिला प्रश्न उत्तीर्ण. मोजलं काय आणि कसं? तुलनेच्या रुग्णालयांतही पिशवी लावली, फक्त तिच्यावर रेघा नव्हत्या. म्हणजे अभ्यासाचं मोजमाप डोळ्याच्या अंदाजावर सोडलं नाही. मोठा रक्तस्राव, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यामुळे होणारा मृत्यू, हे तीन मिळून एक माप धरलं. फरक किती? शेकडा ४.३ वरून १.६. पण आत डोकावलं तर ही घट मुख्यतः मोठ्या रक्तस्रावाची आहे; एकट्या मृत्यूंचा फरक तितका ठाम नाही. आणि आपल्याला लागू? ती रुग्णालयं वर्षाला हजार ते पाच हजार बाळंतपणांची होती. आपल्या उपजिल्हा रुग्णालयाशी ती जुळतात. महिन्याला दहा-पंधरा बाळंतपणं आणि रात्री एकच सिस्टर असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी जुळतात का? एकटी सिस्टर मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्सॅमिक ॲसिड, सलाइन आणि फाटणीची तपासणी एकाच वेळी कशी करेल? मदतीला कोण येईल, गाडी किती मिनिटांत येईल?

या शेवटच्या प्रश्नांची उत्तरं त्या पेपरमध्ये नाहीत. ती या सभागृहात आहेत. म्हणून एक विनंती. पुढच्या मासिक बैठकीत असा एकच पेपर घ्या, त्याचा सारांश मराठीत मोठ्याने वाचा, चार प्रश्न फळ्यावर लिहा आणि पहिलं बोलणं आपल्या केंद्रावर रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला करू द्या. तिचं उत्तर नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवा. आता इथल्या सिस्टर आणि एएनएम ताईंकडून ऐकायचं आहे : तुमच्या केंद्रावर ही पिशवी उद्या आली, तर पहिली अडचण कोणती येईल?